जुने पाव भागाने सोडावे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची वये आणि गावे वेगळी आहेत. पण तिघेही आयुष्याच्या एका टप्प्यातून बाहेर पडले आहेत आणि पुढच्या टप्प्यात अजून रुळलेले नाहीत. पत्रे थोडी संक्षिप्त करून, नावे वगळून देत आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे शिक्षिका होते. ३१ मे रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. यजमान जाऊन पाच वर्षे झाली. सासूबाई सहा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या, त्या फाल्गुनात गेल्या. जूनमध्ये मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला. बघता बघता घर रिकामे झाले. अजूनही रात्री दोनला जाग येते, कारण त्या वेळी सासूबाईंना कूस द्यायची असे. सकाळी साडेदहाला, परिपाठाच्या वेळी, मी कारण नसताना उठून उभी राहते. पूजा रोज करते. पण ओठ हलतात आणि आत काहीच हलत नाही. देवाने पाठ फिरवली, की माझीच श्रद्धा खोटी होती? मुलगा म्हणतो, घर विकून माझ्याकडे ये. नातेवाईक म्हणतात, आता मोकळी झालीस, देवधर्म कर. मन कशाने शांत होईल? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील दोन वेळांपाशी मी बराच वेळ थांबले: रात्रीचे दोन आणि सकाळचे साडेदहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कूस द्यावी लागते, आणि त्यात झोपेचे किती तुकडे होतात हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. तुम्ही ते सहा वर्षे केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांसमोर हसतमुखाने उभ्या राहिलात.

माझ्या आईने माझ्या आजीचे असेच केले होते. आजी गेल्यानंतर कितीतरी रात्री आई झोपेतच उठून बसत असे आणि तिचे दोन्ही हात पुढे आलेले असत, एक खांद्याखाली घालावा तसा, दुसरा कमरेखाली. डोळे मिटलेले आणि तळवे वर. मी दाराशी उभी राहून ते पाहिले आहे. त्या वयात मला त्याची भीती वाटली होती. आज मला त्या हातांपेक्षा खरी प्रार्थना आठवत नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर मी आधी देते. तुमची श्रद्धा खोटी नव्हती. इतकी वर्षे ती देवघरापेक्षा त्या खाटेपाशी आणि त्या वर्गात अधिक होती, आणि आता त्या दोन्ही जागा एकदमच गेल्या आहेत. पुंडलिकाची कथा तुम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली असेल. आईवडिलांच्या सेवेत असलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि हातातले काम पुरे होईपर्यंत थांबायला सांगितले. सेवा संपल्यानंतर पुंडलिकाच्या हातांचे काय झाले, त्याला रात्री जाग येत राहिली का, हे मात्र ती कथा सांगत नाही. तुम्ही नेमक्या त्या न सांगितलेल्या जागी उभ्या आहात. देव अजून विटेवरच आहे. ज्याला तुमच्या कामासाठी थांबता आले, त्याला तुमच्या थकव्यासाठीही थांबता येईल, असा माझा विश्वास आहे. आत काही हलत नाही असे तुम्ही लिहिले आहे. फार दमलेल्या माणसाच्या आत काही काळ काहीच हलत नाही, त्यात देवाचा रोष शोधू नका.

आता या रिकाम्या काळाविषयी. मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये मांडले की माणसाच्या आयुष्यातील संक्रमणाच्या विधींना तीन भाग असतात: जुन्या स्थितीतून बाहेर काढणारा, उंबरठ्यावर ठेवणारा आणि नव्या स्थितीत आत घेणारा. आपल्याकडच्या लग्नात हे तिन्ही लख्ख दिसतात; पाठवणी होते, वाट होते आणि मग माप ओलांडून नवी सून घरात येते. तुमच्या निवृत्तीला यातला फक्त पहिला भाग मिळाला. शाल दिली, श्रीफळ दिले, भाषणे झाली, मस्टरवर शेवटची सही झाली आणि शाळेचे फाटक मागे राहिले. पुढच्या घरात तुम्हाला घेण्यासाठी कुणी माप भरून ठेवले नव्हते. मुलगा परगावी जाण्याला तर निरोपाचाही विधी नाही. त्याची बॅग भरली की झाले. आपल्या समाजाने याचा विचार केला पाहिजे, असे मला फार वाटते. तोपर्यंत ते माप आपल्यालाच भरून ठेवावे लागेल.

ते कसे भरावे याबाबत मला वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या ग्रंथाचा मोठा आधार वाटतो. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना त्यात ऋतुसंधी म्हटले आहे. या दिवसांत मागच्या ऋतूचा आहारविहार क्रमाने सोडावा आणि पुढच्या ऋतूचा क्रमाने धरावा. एकदम सोडले किंवा एकदम धरले तर त्यातूनच विकार होतात, असे तिथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात पुढे आणखी एक गोष्ट आहे. अंगवळणी पडलेली अपथ्याची सवयसुद्धा पाव भागाने, किंवा पावाच्याही पाव भागाने सोडावी. विचार करा, जी सवय घातक आहे तीही शरीर एका झटक्यात सोडू शकत नाही, मग चौतीस वर्षांची शाळा आणि सहा वर्षांची सेवा ही काही मेच्या अखेरीला किंवा फाल्गुनातल्या एखाद्या तिथीला सुटणारी गोष्ट आहे का? साडेदहाला तुम्ही उभ्या राहता, यात लाजण्यासारखे किंवा घाबरण्यासारखे काही नाही. उभ्या राहा. पाच मिनिटांचा परिपाठ करा. मुलांकडून म्हणवून घेत होतात तीच प्रार्थना म्हणा, कारण तुमच्या आवाजाला तेच शब्द सवयीचे आहेत, आणि फळ्यावर सुविचार लिहीत होतात तशी एका वहीत त्या दिवसाची एक ओळ लिहा. ती सुविचारच असायला हवी असे नाही. ‘आज भाजी कुणासाठी करायची हे कळेना’ ही ओळही चालेल.

रात्री दोनला जाग आली तर झोपेशी झगडत पडून राहू नका. उठून बसा, पाणी प्या, सासूबाईंचे नाव घ्या, दहा मिनिटे नामस्मरण करा आणि पुन्हा पाठ टेका. पूजेचे मात्र मी उलट सांगेन, ती कमी करा. सध्या चातुर्मास चालू आहे. कार्तिकी एकादशीपर्यंत एकच नेम धरा, दिवेलागणीला निरांजन लावून त्याच्यासमोर वात शांत होईपर्यंत बसण्याचा. काही म्हणावेसे वाटले तर म्हणा, नाही वाटले तर गप्प बसा. आपल्या परंपरेने दिवस आणि रात्र यांच्या सांध्याला उपासनेची वेळ मानले आहे, ‘संध्या’ हा शब्दच त्या सांध्यावरून आला आहे, आणि जी वेळ धड उजेडाची नाही आणि धड अंधाराचीही नाही, तिलाच आपल्या घरांत दिवा लावतात. भाव आला तरच दिवा, असे आपल्या आजींनी कधी केले नाही. त्यांनी वेळ पाळली.

घराचा निर्णय आज घेऊ नका. सासूबाईंचे वर्षश्राद्ध फाल्गुनात येईल. तोवर विक्रीचा कागद कुणी समोर ठेवला तरी सही करू नका, हे मी आग्रहाने सांगते. मुलाचे प्रेम खरे आहे, म्हणून त्यालाही पावाचा हिशेब समजावून सांगा. दिवाळीला पंधरा दिवस बंगळूरला जा, परत या, माघात महिनाभर जा, परत या. तिथे गेल्यावर त्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर तुमचा चहाचा कप आणि इथून नेलेली मिसळणाची डबी ठेवा आणि परत येताना ती तिथेच राहू द्या. इथल्या घराला कुलूप लावताना किल्ली शेजारी द्या, म्हणजे तुळशीला पाणी मिळेल. दोन्ही घरांत तुमचे थोडे थोडे काही असू दे, मग पाय कुठे रुळतात ते पायच सांगतील.

नातेवाईकांच्या ‘मोकळी झालीस’ या वाक्याने तुम्हाला जे लागले, ते मला पत्रात न लिहिताही कळले. त्यांच्या मनात वाईट नसेल. पण ज्याच्यासाठी आपण जागलो ते माणूस गेल्यावर येते ते मोकळेपण नसते, आणि देवधर्म हा वेळ घालवण्याचा उद्योगही नाही. तुम्ही त्यांना उत्तर देण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र तपासा. जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज होत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्याला औषधोपचार आहेत. श्रद्धा आणि डॉक्टर यांत निवड करावी लागत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. रात्री दोनलासुद्धा.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची आहे. परभणी जिल्ह्यातील गावातून नोकरीसाठी पुण्याला आले. आजीने मला वाढवले. ती रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणते आणि लहानपणी मीही तिच्या शेजारी बसून म्हणत असे. आता माझा विश्वासच राहिला नाही, असे वाटते. या आषाढीला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी लक्षात न राहून पोळीभाजी खाल्ली आणि आठवल्यावर मला रडू आले. विश्वास नाही तर रडू का आले? रविवारी संध्याकाळी खोलीवर फार एकटे वाटते. आजीला सांगू की लपवू? (एक नोकरदार मुलगी, पुणे)

उत्तर : तुझी आजी शोभेन अशा वयाची मी आहे, म्हणून तुला एकेरीतच लिहिते. दुधाचा दात पडल्यावर पक्का दात येईपर्यंत मध्ये काही दिवस हिरडी रिकामी असते, आणि जीभ राहून राहून तिथेच जाते. तुझे रडणे मला तसे वाटते. आजीच्या मांडीशी बसून म्हटलेला हरिपाठ हा तुझा दुधाचा दात होता; त्याने तुला खाऊपिऊ घातले, त्याचे काम झाले. पुढे काय उगवते ते मी आज सांगणार नाही, कारण ते आजीसारखेच असेल असा आग्रह मी धरू नये आणि तूही धरू नयेस. तुझ्या मनात शंका आली म्हणजे तू घराशी बेइमानी केलीस असे मुळीच नाही. चुकून खाल्लेल्या पोळीभाजीचे प्रायश्चित्त तर त्या रडण्यातच झाले.

आजीपासून लपवू नकोस, पण फोनवर एका दमात ‘माझा विश्वास नाही’ असेही सांगू नकोस. त्याऐवजी तिला तिची गोष्ट विचार. तुझी आजी लग्न होऊन आली तेव्हा तिचे वय काय होते? तिला माहेर किती दिवसांनी दिसले? तू चोवीसाव्या वर्षी, आपल्या मर्जीने, हातात पगार आणि खिशात फोन घेऊन घर सोडलेस. तिच्या पिढीच्या बायकांनी कोवळ्या वयात, कुणी न विचारता सोडले. त्यांनी ते कशाच्या बळावर सोसले याचा एक मोठा पुरावा आपल्याकडे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात दळताना या बायका विठ्ठलाला भाऊ म्हणतात, बाप म्हणतात, त्याच्याशी बोलतात, आणि ज्या सासरी बोलायला कुणी नाही तिथे जात्यालाच मन मोकळे करतात. त्यांची श्रद्धा एखाद्या तत्त्वाला मान हलवण्याइतकी सोपी नव्हती. ती अंगमेहनतीत आणि एकटेपणात, ओवीला ओवी जोडत उभी राहिली. आजीला एखादी ओवी आठवते का, ते विचार. ती बहुधा आधी ‘आता कुठे आठवतंय’ म्हणेल आणि मग चार म्हणून दाखवेल.

हा फोन रविवारी संध्याकाळी कर, दिवेलागणीच्या सुमाराला. ती हरिपाठाला बसली असेल तर फोन तिच्याजवळ तसाच चालू ठेवायला सांग आणि नुसती ऐक. तुला म्हणावे लागणार नाही. तुझ्या खोलीत तिचा आवाज आणि टाळ ऐकू आला, एवढे या ऋतूला पुष्कळ आहे. तिला शंकेविषयी सांगण्याची वेळ त्यातूनच येईल, आणि आपली आजी त्याने मोडून पडेल ही तुझी भीती मला खरी वाटत नाही. एवढे आयुष्य काढलेल्या बाईने देवावर रागावल्याचे दिवसही पाहिलेले असतात.

प्रश्न : रामकृष्णहरी. माझे वय सदुसष्ट. आळंदी ते पंढरपूर अठ्ठावीस पायी वाऱ्या झाल्या. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी चालू नको म्हणून सांगितले, त्यामुळे या वर्षी घरीच राहिलो. माउलींची पालखी आमच्या भागातून पुढे गेली आणि मी ओट्यावर बसून होतो. ‘वारी चुको न दे हरी’ असे जन्मभर मागितले आणि वारी चुकली. आता वारकरी म्हणून मी काय उरलो? (एक वाचक, फलटण तालुका)

उत्तर : रामकृष्णहरी, माउली. तुम्हाला माहीत नाही असे वारीविषयी मी काही सांगू शकणार नाही, म्हणून फक्त एक आठवण देते. २०२० च्या आषाढीला साथीमुळे पायी सोहळा निघाला नाही आणि माउलींच्या व तुकोबारायांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. २०२१ मध्येही बसच होती. त्या दोन वर्षी वारी चुकली असे कुणा वारकऱ्याने मानले का? तुमच्या अठ्ठावीसच्या मोजणीत ती दोन वर्षे कशी धरली आहेत, हे एकदा मनाशी पाहा. पादुकांनाच बस चालली, तर तुमच्या गुडघ्यांना ती का चालू नये? कार्तिकी समोर आहे. फलटणहून एसटीने जा. रांगेत उभे राहवत नसेल तर मुखदर्शन घ्या, तेही जमले नाही तर चंद्रभागेवर जाऊन कळसाचे दर्शन घ्या. गर्दीच्या दिवशी लाखो वारकरी कळसाला हात जोडूनच माघारी फिरतात आणि त्यांची वारी पुरी झाली असेच मानतात.

तुम्हाला सर्वांत जास्त टोचले ते ओट्यावर बसून राहणे, असे पत्रावरून मला वाटले. त्याचे दुःख मी कमी लेखणार नाही; जी वाट अठ्ठावीस वर्षे पायांनी ओळखली, ती डोळ्यांसमोरून जाताना पाहणे कठीणच आहे. पण पुढच्या वर्षी ओटा रिकामा ठेवू नका. लोणंद सोडून, चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण करून दिंड्या तरडगावच्या मुक्कामाला येतात, तेव्हा चालणाऱ्यांच्या पोटऱ्यांना गोळे आलेले असतात आणि टाचांना भेगा पडलेल्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको. आतापासून घरात सांगून ठेवा, त्या दिवशी चुलीवर पाण्याचे मोठे पातेले चढले पाहिजे. खोबरेल तेल वाटीत कोमट करून तुम्ही स्वतः पाटावर बसा, कुणाचाही पाय पुढे आला की आधी अंगठ्याने टाच दाबून कुठे दुखते ते बघा, आणि मग पोटरीकडे जा.